खतावणी, रौप्यपट्टिका आणि संहिता : कॉर्बेटच्या रायफलीची विक्री

जुनी शिकारी रायफल विकली जाते तेव्हा तिच्याबरोबर नेमके काय विकले जाते, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचा वाटतो. लाकूड, पोलाद आणि कारागिरी यांचे मोल ठरविण्यास साहित्याच्या अभ्यासकाची गरज नाही. परंतु २०१५ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस या प्रकाशनसंस्थेकडून लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीने एक रायफल विकत घेतली, तेव्हा विकणारा ग्रंथप्रकाशक होता आणि घेणारा त्या शस्त्राचा मूळ विक्रेताच होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विकलेली वस्तू दुकानदाराने पुन्हा विकत घ्यावी, आणि तीही एका प्रकाशकाकडून, हा योग विरळा. ही रायफल जिम कॉर्बेटची. तिची किंमत तीन वेगवेगळ्या लेखनांनी घडविली आहे. आणि ही तीन लेखने एकमेकांशी पुरती जुळत नाहीत, हे येथे दाखवावयाचे आहे.

पहिले लेखन दुकानाच्या खतावणीतले. रिग्बीच्या नोंदींनुसार ही .२७५ मापाची रायफल १९०५ साली कलकत्त्याच्या मँटन अँड कंपनी या विक्रेत्यांकडे रवाना झाली. तिची यंत्रणा जर्मनीतील माउझर कारखान्याच्या पद्धतीची. खिट्टीची मूठ वर उचलून मागे ओढायची, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे रेटून खाली दाबली की नवे काडतूस नळीत बसते. दुनळी रायफलीच्या मानाने ही हलकी आणि पुष्कळ स्वस्त. मोठा शिकारी किंवा संस्थानिक दुनळी बाळगी; पायी हिंडणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या माणसाला ही परवडे. कॉर्बेट त्या वेळी मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेणारा कंत्राटदार होता. खतावणीत त्याचे नाव असण्याचे कारण नव्हते. तेथे ही रायफल म्हणजे क्रमांक असलेला माल, एवढेच.

दुसरे लेखन रायफलीच्या दस्त्यावर बसविलेल्या चांदीच्या पट्टीवरचे. चंपावत येथील नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जे. पी. ह्युएट यांनी ही रायफल कॉर्बेटला दिली, असा तिचा आशय. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे या वाघिणीने मारली, असा आकडा सांगितला जातो. पट्टी बसताच वस्तूची जात बदलली. माल होता तो मानपत्र झाला.

तिसरे लेखन १९४४ साली ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केलेले ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक. शाखाप्रमुख आर. ई. हॉकिन्स यांच्या संपादकीय नजरेतून ते गेले, आणि लेखक व प्रकाशक यांचा स्नेह पुढे टिकला. या स्नेहाची आठवण ठेवली तर रायफल अखेर प्रकाशकाकडे का गेली हे उमगते. मात्र अभ्यासकाने हे पुस्तक पट्टीशेजारी ठेवून वाचावे. चंपावतच्या वाघिणीवर कॉर्बेटने गोळ्या झाडल्या त्या .५०० मापाच्या रायफलीतून. जवळची तीन काडतुसे संपल्यावर तो धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची बंदूक घेऊन परतला. त्या बंदुकीचा बार वाघिणीच्या पंज्याला लागला. ती मेली आधीच्या जखमांनी. म्हणजे पट्टीवर ज्या कृत्याचा गौरव आहे त्यात गौरवलेल्या वस्तूचा काहीच भाग नाही. ती बक्षीस होती, साधन नव्हे. ‘चंपावतची वाघीण मारणारी रायफल’ असे तिच्याविषयी वारंवार छापले गेले आहे. ही चूक पट्टीची नाही, पट्टी घाईने वाचणाऱ्यांची आहे.

याहून अर्थपूर्ण गोष्ट कथेच्या शेवटी आहे. नैनितालच्या दरबारात ह्युएट यांनी तहसीलदाराला एक बंदूक आणि शोधात बरोबर राहिलेल्या माणसाला शिकारीचा सुरा दिला, दोन्हींवर लेख कोरलेले होते आणि ती हत्यारे त्या त्या घराण्यांत वारसा म्हणून चालत राहतील, असे कॉर्बेट सांगतो. स्वतःला मिळालेल्या रायफलीविषयी तेथे अवाक्षर नाही. हा विनय असेल; पण कथनाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की पुस्तकात वारसा ठरतात ती त्या दोघांची हत्यारे, आणि बाजारात वारसा ठरली ती न उल्लेखलेली तिसरी वस्तू. तहसीलदार कथेत हुद्द्याने वावरतो, दुसरा तर नुसता ‘माणूस’ आहे. ज्या शस्त्राच्या मालकाला नाव नाही त्याचा मालकी-इतिहास कोण लिहिणार? १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे अशक्य केले होते आणि युरोपीयांना नियमांनी सूट होती, हे ध्यानात घेतले तर तहसीलदाराला मिळालेल्या बंदुकीचे मोल त्या दरबारात कॉर्बेटच्या रायफलीहून कमी नव्हते, किंबहुना अधिकच होते.

येथे भाषांतराचा एक मुद्दा जाता जाता नोंदवावासा वाटतो. इंग्रजीत छर्‍याचे हत्यार आणि आटेदार नळीची रायफल यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि चंपावतच्या शेवटच्या प्रसंगातील सारा ताण त्या भेदावर उभा आहे : दूरवर अचूक मारणारे शस्त्र निकामी झाले आहे आणि हाती उरले आहे ते जवळून झाडायचे. मराठीत दोन्हींना सहज ‘बंदूक’ म्हटले जाते. अनुवादकाने ‘रायफल’ हा परका शब्द टिकवला नाही तर प्रसंगाचा कणा मोडतो. असल्या ठिकाणी उसना शब्द हाच नेमका शब्द होय.

वस्तूवरील लेख वस्तूपेक्षा मोठा होतो, हे मराठी वाचकाला नवे नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखे २०२४ साली साताऱ्यात मांडली गेली. ती शिवाजी महाराजांची, असे सांगणारा लेख जेम्स ग्रँट डफ याच्याकडील पेटीवर आहे. तो साताऱ्यास रेसिडेंट होता. हा दावा पडताळता आलेला नाही, असे संग्रहालय स्वतःच म्हणते. दोन्ही ठिकाणी धातू मुका आहे आणि बोलते ते त्याला जोडलेले वाक्य. फरक एवढाच की वाघनखांच्या बाबतीत वाक्य संशयास्पद आहे, तर रायफलीच्या बाबतीत वाक्य खरे असून वाचन सदोष आहे.

हिंदुस्थानातील सामान्य शिकारी रायफलीची कहाणी अर्थातच निराळी. .३०३ सारखी लष्करी मापे खाजगी माणसाला बंद झाल्यामुळे येथे .३१५ हे माप रूढ झाले आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्याच मापाच्या खिट्टीच्या रायफली पुढे वर्षानुवर्षे बनत राहिल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार थांबली आणि या शस्त्रांचे प्रयोजनच संपले. ती विकायची तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार खरेदीदाराचे नाव-पत्ता कळवून जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी सूचना द्यावी लागते आणि पुढे किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. आजोबांची रायफल ठेवावी की वडिलांची, असा पेच त्यामुळे काही घरांत उभा राहिला असल्यास नवल नाही. या रायफलींची संहिता म्हणजे परवान्याचे पुस्तक, आणि ते कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही.

रिग्बीने मात्र वाङ्मयच विकत घेतले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १७७५ साली डब्लिनला सुरू झालेली ही पेढी १९९७ मध्ये अमेरिकनांच्या हाती जाऊन कॅलिफोर्नियात हलली होती आणि २०१३ मध्ये एका जर्मन समूहाच्या मालकीखाली लंडनला परतली. खंडित परंपरा सांधण्यासाठी तिला जुन्या खतावणीतले एखादे नाव हवे होते, आणि ते नाव मोठे करण्याचे काम एका पुस्तकाने आधीच केलेले होते. खरेदीनंतर लगेच, २०१६ मध्ये, पेढीने कॉर्बेटच्या स्मरणार्थ घडविलेली एक नवी रायफल लिलावात विकली. मूळ रायफल विक्रीस नव्हती. तिच्या कथेची प्रत मात्र विकता येत होती.

त्याच वर्षी ती जुनी रायफल कुमाऊँत आणली गेली आणि कॉर्बेटने वसविलेल्या छोटी हल्द्वानी गावातील लोकांनी ती पाहिली. १९४७ साली देश सोडताना त्याने गावच्या रखवालीसाठी एक एकनळी बंदूक मागे ठेवली होती आणि गावकऱ्यांनी ती जपली होती. रिग्बीची रायफल काही दिवसांनी लंडनला परत गेली.