कांचभट्टी व तिचीं कागदपत्रें

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांपाशीं कांचेचे मणी असतात, बांगड्यांचे तुकडे असतात, अत्तराच्या कुप्या व हंड्याझुंबरें असतात. परंतु ज्या भट्टींत ती कांच वितळली तिच्यासंबंधीं एकहि कागद सहसा कोणापाशीं आढळत नाहीं. ही उणीव आकस्मिक नव्हे. कांचेचीं घटकद्रव्यें लिहून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. अग्नि लिहून ठेवण्याची चाल मात्र फार उशिरां पडली. कांचेचा इतिहास हा मुख्यतः भट्टीचा इतिहास आहे, आणि त्याचीं साधनें आतां तरी गोळा केलीं पाहिजेत, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम अग्नीस एवढें महत्त्व कां, हें पाहूं. साध्या कांचेंत शेंकडा ७० ते ७४ भाग वाळूंतील सिलिका असते. बाकीचा मुख्य भाग सोडा व चुना यांचा. शुद्ध सिलिका वितळविण्यास १७०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उष्णता लागते. सोड्याच्या योगानें हें मान पुष्कळ उतरतें. परंतु केवळ वाळू व सोडा यांची कांच पाण्यांत विरघळते, म्हणून चुना घालावा लागतो. एवढें प्रमाण कोणाहि जाणत्यास घटकाभरांत सांगतां येईल. पण द्रव्यें एकजीव होणें, त्यांतून निघणारे वायूचे बुडबुडे वर येऊन फुटणें, आणि हें होईपर्यंत मूस टिकणें, या गोष्टी कागदावरील प्रमाणानें साधत नाहींत. उष्णता कमी पडली तर कांचेंत बुडबुडे व वाळूचे कण राहतात. बेताबाहेर वाढली तर वितळलेली कांच मुशीचीच माती खाऊं लागते.

या विषयावरील अतिप्राचीन लेखांपैकीं कांहीं असुरबानिपाल राजाच्या निनेव्ह येथील ग्रंथसंग्रहांत सांपडले. हा राजा ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांतला. त्याच्या मातीच्या विटांवर कांचेच्या कृति कोरलेल्या असून त्या विटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. इ.स. १९७० मध्यें ओपेनहाइम व त्यांचे सहकारी यांनीं त्या भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. भट्टीचा पाया घालण्यास शुभ मास व अनुकूल दिवस पाहावा, देवतांस बलि द्यावा, जळणाचें लांकूड अमुक जातीचें, साल काढलेलें व अमुक महिन्यांत तोडलेलें असावें, असे त्यांत नियम आहेत. वरवर पाहतां हा केवळ विधि वाटेल. परंतु सोललेलें व योग्य ऋतूंत तोडलेलें लांकूड स्वच्छ व सारखें जळतें, हा व्यवहार त्यांत दडलेला आहे. तथापि उष्णता किती, याचें उत्तर तेथेंहि कांचेचा रंग पाहून द्यावयाचें आहे. माप डोळ्याचें, आणि डोळ्याचें माप लेखांत उतरत नाहीं.

युरोपांतील ग्रंथांचीहि स्थिति फारशी निराळी नाहीं. आग्रिकोला यानें इ.स. १५५६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या धातुविद्येच्या ग्रंथांत कांचभट्ट्यांचीं चित्रें दिलीं. त्यांवरून भट्टीचा आकार कळतो, आंच कळत नाहीं. फ्लॉरेन्स येथें इ.स. १६१२ मध्यें आंतोनियो नेरी या धर्मोपदेशकानें कांचेवर स्वतंत्र ग्रंथ छापला. इ.स. १६६२ मध्यें ख्रिस्तोफर मेरेट यानें टिपणांसह त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, व इ.स. १६७९ मध्यें कुंकेल यानें जर्मन भाषेंत त्याचा विस्तार केला. एकच ग्रंथ तीन देशांत फिरला. पण नेरीच्या मूळ ग्रंथाचा सारा भर क्षार, रंग व प्रमाणें यांवर होता. आंच राखण्याची विद्या ग्रंथाबरोबर प्रवास करीत नसे, ती कारागिराबरोबर प्रवास करी. म्हणूनच व्हेनिसच्या राज्यानें मुरानो बेटावरील कांचकारांस परदेशीं जाण्याची बंदी केली होती. राज्यास पोथीपेक्षां मनुष्याचें भय अधिक वाटत होतें.

भट्टीचें स्वरूप पालटण्यास पहिलें मोठें कारण जळणाचें झालें. इंग्लंडांत जहाजांसाठीं लांकूड राखावें म्हणून इ.स. १६१५ मध्यें पहिल्या जेम्स राजानें कांचभट्टींत लांकूड जाळण्याची मनाई केली. कोळसा आला, त्याबरोबर धूर आला. धुरानें कांच मळूं नये म्हणून वरून झांकलेल्या मुशी वापरांत आल्या, आणि ओढ वाढविण्यासाठीं भट्टीवर शंकूच्या आकाराचे उंच मनोरे उभे राहिले. राजाज्ञेचा कागद उपलब्ध आहे. पण हे फेरफार कोणत्या कारागिरानें कोणत्या दिवशीं केले याचा धड पुरावा फारसा मिळत नाहीं.

दुसरा पालट एकोणिसाव्या शतकांतला. फ्रीड्रिख सीमेन्स यानें इ.स. १८५६ मध्यें एक युक्ति नोंदविली. भट्टींतून बाहेर पडणारे तप्त वायु धुराड्यांत न सोडतां विटांच्या जाळीदार कोठ्यांतून न्यावयाचे. कोठ्या तापल्या म्हणजे प्रवाह उलटवून जळणारी हवा त्यांतूनच आंत घ्यावयाची. ही उलटापालट सुमारें दर अर्ध्या तासानें होते. वायां जाणारी उष्णता अशी परत आल्यानें कोळसा वांचला व पूर्वी न मिळणारी आंच मिळूं लागली. शिवाय कोळशाचा प्रथम निराळ्या ठिकाणीं वायु करून तोच भट्टींत जाळल्यामुळें राख कांचेपासून दूर राहिली. बर्मिंगहॅमजवळील चान्स बंधूंच्या कारखान्यांत इ.स. १८६१ च्या सुमारास अशी भट्टी चालूं झाली. तिचें वर्णन मायकेल फॅरडे यानें २० जून १८६२ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें केलें. तें त्याचें शुक्रवारचें अखेरचें व्याख्यान ठरलें. त्या व्याख्यानांत त्याचीं टिपणें ज्योतीस लागून जळालीं, असें त्याचे चरित्रकार सांगतात. अग्नीच्या इतिहासाचे कागद अग्नीनेंच खाल्ल्याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

इ.स. १८६७ मध्यें ड्रेस्डेन येथें सीमेन्सनें मुशी काढून टाकून त्यांच्या जागीं टाकीची भट्टी घातली. मुशींत माल भरावयाचा, रात्रभर वितळवावयाचा, दिवसा फुंकून संपवावयाचा, आणि पुन्हां भरावयाचा, हा जुना क्रम होता. टाकींत एका टोंकास वाळू, सोडा, चुना व फुटकी कांच पडत राहते, आणि दुसऱ्या टोंकास तयार कांच निघत राहते. अशी भट्टी रात्रीं निजत नाहीं. एकदां पेटली म्हणजे वर्षानुवर्षें जळते. ती अवेळीं विझली तर आंतील कांच गोठते, विटा तडकतात आणि घातलेलें भांडवल बुडतें. अर्थात् कोळशाचा पुरवठा, विटांचा कस व तिन्ही पाळ्यांच्या माणसांची हजेरी यांपैकीं एकहि गोष्ट चुकून चालत नाहीं. अग्नीचा हिशेब लिहिणें या वेळेपासून अपरिहार्य झालें.

आपल्याकडे हा विषय विसाव्या शतकाच्या आरंभीं आला. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा जमविण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनीं तिला बळ दिलें. आणि त्या पैशांतून इ.स. १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची व्यवस्था होती. यापूर्वी हिंदुस्थानांत निघालेले नव्या पद्धतीचे कांचकारखाने बरेचसे टिकले नव्हते. वाळू येथें होती, ग्रंथ विकत मिळत होते. उणीव होती ती आंच ओळखणाऱ्या माणसांची. तळेगांवचा कारखाना शिक्षणाचें स्थान झाला आणि तेथें तयार झालेले लोक इतर प्रांतांत गेले, हें त्याचें खरें कार्य. पुढें इ.स. १९१६ मध्यें ओगले बंधूंनीं कांचकारखाना काढला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली, आणि तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत घरोघर पोंचला. ज्यांच्या घरीं तो कंदील अजून आहे त्यांनीं त्याची कांच उजेडांत धरून पाहावी. तींतील एखादा बारीक बुडबुडा हीहि त्या भट्टीची एक नोंदच आहे.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथील इ.स. १९४५-४६ च्या उत्खननांत कांचेचे मणी व बांगड्या सांपडल्या, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं इ.स. १९६९ मध्यें हिंदी कांचेचा समग्र इतिहास लिहिला. वस्तूंची बाजू अशी पुष्कळ उजळली आहे. आतां भट्टीची बाजू राहिली. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, बांगडीबरोबर मुशीचें खापर, कांच चिकटलेली वीट व वितळून फुकट गेलेला गोळा हींहि उचलावीं व तीं कोठें मिळालीं तें लिहून ठेवावें. आणि ज्यांच्या वाडवडिलांनीं कांचकारखान्यांत चाकरी केली असेल त्यांनीं भट्टीची रोजची वही, कोळशाचें खातें, विटांचीं बिलें व हजेरीपत्रकें रद्दींत घालूं नयेत. अमुक रात्रीं किती कोळसा जळला, कोणती मूस कितव्या दिवशीं फुटली व त्या पाळीवर कोण होतें, एवढ्या तीन नोंदी असलेलें एक मळकें पान इतिहासाच्या दृष्टीनें झुंबराइतकेंच मोलाचें आहे. झुंबराचें मोल सर्वांस दिसतें, म्हणून तें वांचेल. पानाची काळजी आपणच घेतली पाहिजे.