न भरणारी जखम : अर्बुदविषयक एका विचाराचा इतिहास
पसरण्यासाठी कर्कपेशी शरीराचीच जखम भरण्याची यंत्रणा वेठीस धरते, हा विचार आज रूढ झाला असला तरी त्याची वाटचाल सरळ नाही. बर्लिनच्या रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ च्या सुमारास अर्बुदांचा संबंध दीर्घकालीन क्षोभाशी जोडला होता. पुढे संशोधकांचे लक्ष पेशीच्या अंतरंगाकडे वळले. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये वर्णिलेल्या कोंबड्यांच्या अर्बुदाच्या विषाणूतच पहिले कर्कजनुक सापडल्याने हे वळण पक्के झाले. गंमत अशी, की त्याच विषाणूने उलट साक्षही दिली. १९८५ मध्ये बर्कली येथे मिना बिसेल व सहकाऱ्यांनी तो पिलांच्या एका पंखात टोचला. अर्बुद तेथेच वाढले. दुसऱ्या पंखाला जखम करताच मात्र तेथेही अर्बुद उद्भवले!

१९८६ मध्ये बोस्टनच्या हेरॉल्ड ड्वोरॅक यांनी अर्बुदाला ‘न भरणारी जखम’ म्हटले. हे केवळ रूपक नव्हते. अर्बुदपेशी रक्तवाहिन्या पाझरविणारे प्रथिन स्रवतात, हे त्यांच्या गटाने १९८३ मध्येच दाखविले होते. पाझरलेल्या द्रवातून फायब्रिनचे जाळे विणले जाते. त्यावर तंतुपेशी व नव्या केशवाहिन्या वाढतात. जखमेत हे कार्य यथाकाल थांबते. अर्बुदात पाझर चालूच राहतो आणि त्याच वाहिन्या कर्कपेशींना दूरच्या अवयवांकडे नेतात.

या प्रथिनाला रोखणारे बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात, रसायनोपचारांच्या जोडीने, मध्यक आयुर्मान १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेले. सिद्धान्ताच्या व्याप्तीच्या मानाने हा लाभ अल्पच म्हणावा लागेल.