हिशेब मागणारा खेळाडू



हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि ध्यानचंद उभे राहतात. मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो टेड लिंडसे बर्फावर खेळत असे. पायांत पाते लावलेले बूट, हातात काठी, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, आणि एका बाजूला सहा गडी. हा खेळ मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. लिंडसेपर्यंत मी पोहोचलो तो युनियनच्या वाटेने, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्याचा जन्म १९२५ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात. बालपण कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावी गेले. १९४४ साली तो अमेरिकेतील डेट्रॉइटच्या 'रेड विंग्ज' संघात आला. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर; तेव्हा लिंडसे, सिड एबल आणि गॉर्डी हाऊ या आघाडीच्या तिघांना लोकांनी 'प्रॉडक्शन लाइन' असेच नाव दिले. गोल करणाऱ्याला जसा गुण मिळतो तसाच त्याला चकती पुरविणाऱ्यालाही मिळतो. १९४९-५० च्या हंगामात असे ७८ गुण मिळवून लिंडसे लीगमध्ये पहिला आला. १९५० ते १९५५ या अवधीत त्याच्या संघाने चार वेळा स्टॅन्ली कप जिंकला. अंगाने लहान, पण भांडखोर असा की, शिक्षा म्हणून बाहेर बसण्यात त्याच्या कारकिर्दीतली १८०८ मिनिटे गेली.

लीगमध्ये त्या वेळी संघ सहाच होते. खेळाडू एकदा एका संघाच्या नावावर लागला की मालक त्याला ठेवील, विकील, नाही तर खालच्या लीगमध्ये धाडील. त्याला विचारण्याची गरज नसे. शेजारच्या खेळाडूला पगार किती, हेही कोणास ठाऊक नसे. पेन्शन फंडासाठी मात्र प्रत्येकाचे दरसाल ९०० डॉलर कापले जात. लिंडसे खेळाडूंच्या वतीने त्या फंडाच्या मंडळावर होता. त्याने हिशेब पाहावयास मागितला. तो मिळाला नाही.

मी तरुणपणी एका कारखान्यात होतो. तिथे कँटीन फंडाचा जमाखर्च मागितला म्हणून माझी बदली रात्रपाळीवर, आणि तीही गोदामात, झाली. बाकी कामगारांना जे समजायचे ते समजले. हे आठवले म्हणूनच लिंडसेची पुढची हकीकत मी दोनदा वाचली.

१९५६ च्या शरद ऋतूत त्याने मॉन्ट्रिऑलच्या डग हार्वेशी बोलणे केले, मग एकेका संघातले विश्वासू गडी गाठले. प्रत्येकाकडून १०० डॉलर वर्गणी घेतली. एकजण सोडून लीगमधले सारे खेळाडू सभासद झाले, आणि मालकांना कुणकुण लागली नाही! फेब्रुवारी १९५७ मध्ये संघटना जाहीर झाली, लिंडसे अध्यक्ष. त्याच हंगामात त्याने ८५ गुण केले, त्याच्या आयुष्यातले सर्वांत जास्त. जुलैत त्याला शिकागोला देऊन टाकण्यात आले. शिकागो तळाचा संघ. टोरांटोच्या जिमी टॉमसन या दुसऱ्या पुढाऱ्याचीही तिकडेच रवानगी झाली. खेळ उतरला म्हणून काढले, असे म्हणण्याची सोयही मालकांनी ठेवली नाही.

नोव्हेंबरात डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले. हाऊ त्यांतच होता. त्याला खलनायक करण्याची माझी तयारी नाही. ज्याला फक्त खेळायचे असते असा सरळ माणूस प्रत्येक खात्यात असतो, आणि मालकाला तो बरोबर ठाऊक असतो. फेब्रुवारी १९५८ मध्ये ७००० डॉलर किमान वेतन आणि पेन्शनमध्ये थोडी वाढ एवढे पदरात पडले, नि संघटना मोडली. पुन्हा ती उभी राहायला १९६७ साल उजाडले.

लिंडसे १९६० मध्ये निवृत्त झाला. १९६४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, डेट्रॉइटकडून पुन्हा उतरला आणि त्या हंगामात त्याने १४ गोल केले. १९६६ साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. पण समारंभ फक्त पुरुषांसाठी. बायकोमुलांना येऊ देणार नसाल तर मीही येत नाही, असे कळवून तो घरी राहिला. पुढच्या वर्षी तो नियम बदलला.

राहता राहिला फंडाचा हिशेब. काही जुन्या खेळाडूंनी कॅनडातल्या न्यायालयात दावा लावला. फंडातल्या शिलकीचा पैसा मालकांनी आपल्या सोयीसाठी वापरला, तो खेळाडूंचा आहे, असा निकाल १९९२ मध्ये लागला. १९९४ मध्ये तो अपिलातही टिकला. मालकांना ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली. दावा लावणाऱ्या सातजणांत गॉर्डी हाऊचे नाव होते.

वर्षातला उत्तम खेळाडू खेळाडूंनीच मते देऊन निवडायचा, असे एक पारितोषिक तिकडे आहे. २०१० पासून ते लिंडसेच्या नावाने दिले जाते. ४ मार्च २०१९ रोजी, ९३ व्या वर्षी, तो मिशिगनमध्ये वारला. डेट्रॉइटच्या क्रीडागृहात त्याचा देह अंत्यदर्शनासाठी ठेवला होता, आणि दिवसभर लोकांची रांग चालू होती.