बिबिमबाप : राजवाड्यातला की उरलेल्या अन्नाचा? कोरियातल्या एका वाडग्याचा इतिहास

१/ कोरियन उपाहारगृहांत बिबिमबापची ओळख पुष्कळदा राजवाड्यापासून करून दिली जाते: जोसॉन घराण्यातील (१३९२-१९१०) राजांचे दुपारचे हलके जेवण. जुनी पुस्तके उघडली की चित्र बदलते. तिथे हा पदार्थ भेटतो तो घरच्या चुलीजवळ, आणि बहुधा सणासुदीच्या किंवा श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी.

२/ आधी नाव. 'बिबिम' म्हणजे कालवणे, 'बाप' म्हणजे शिजवलेला भात. सरळ मराठीत, कालवलेला भात. भात, चार-पाच प्रकारच्या भाज्या, थोडे मांस किंवा अंडे, तिळाचे तेल, मिरचीची आंबवलेली चटणी. सगळे एका वाडग्यात घेऊन चमच्याने एकजीव करायचे.

३/ उगमाच्या कथा अनेक आहेत. कोणी म्हणतात राजाचे जेवण, कोणी म्हणतात युद्धकाळात पळणाऱ्या राजाला दिलेले अन्न, कोणी त्याचा संबंध १८९४ च्या दोंगहाक शेतकरी उठावाशी जोडतात: भांडी कमी, म्हणून सगळे एकाच वाडग्यात. कथा आकर्षक आहेत. त्यांच्यामागे ठोस समकालीन कागद मात्र दाखवता येत नाही.

४/ कागद आहे तो वेगळाच. पाक दोंग-र्यांग (१५६९-१६३५) या अधिकाऱ्याच्या 'गिजेजाप्गी' या टिपणसंग्रहात भातात मासे व भाज्या मिसळून केलेल्या वाडग्याचा उल्लेख येतो. लोक ज्याला 'होन्दोनबान' म्हणतात तसा, असे तो लिहितो. 'होन्दोन' म्हणजे गोंधळ, सरमिसळ. दरबारी पदार्थाला असे नाव कोणी दिले असते का?

५/ पुढे दुसरे नाव रूढ झाले: 'गोल्दोंगबान'. 'गोल्दोंग' म्हणजे जुन्यापान्या, किरकोळ वस्तूंचा संग्रह. हाँग सॉक-मो यांच्या १८४९ च्या 'दोंगगुक सेशिगी' या सणवारांच्या ग्रंथात याच शब्दाने मिसळलेल्या शेवयांचे वर्णन आहे. म्हणजे हाताशी असेल ते एकत्र करण्याची ही एक रीतच होती.

६/ आता सर्वांत महत्त्वाचा पुरावा: 'शीउइजॉन्सॉ' हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे पाकपुस्तक. त्यावर लेखकाचे नाव नाही. 'बुबुइमबाप' हे नाव कोरियन लिपीत प्रथम इथे लिहिलेले आढळते, असे सामान्यतः मानले जाते. शेजारी चिनी अक्षरांत 'गोल्दोंगबान' आहे.

७/ हे पुस्तक वाचले कसे, तेही पाहण्याजोगे आहे. १९१९ च्या सुमारास सांगजू येथे नेमणूक झालेल्या एका अधिकाऱ्याने तिथल्या खानदानी घरातील हस्तलिखित उसने घेतले, त्याची नक्कल करवली आणि ती पुढे त्याच्या सुनेकडे आली. पदार्थाचा हा दस्तऐवज राजदफ्तरातून नव्हे, तर एका घरातून दुसऱ्या घरात, आणि तिथल्या सुनेच्या हाती पोहोचला.

८/ त्यातील कृती थोडक्यात अशी. भात चांगला शिजवावा. मांस मसाला लावून परतावे. पीठ-अंड्यात घोळवून तळलेले काप चिरून घालावेत. भाज्या परताव्यात. 'दाशिमा' ही समुद्रवनस्पती तळून चुरावी. भरपूर तीळमीठ व तेल घालून सगळे भातात कालवावे. वर अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या आणि मांसाचे मण्यांएवढे गोळे. सोबत रस्सा.

९/ दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, सगळे स्वयंपाकघरातच कालवले जाते. आज वाडग्यात रंगांची चक्राकार मांडणी असते आणि कालवण्याचे काम जेवणाऱ्याकडे असते. पांढरा, हिरवा, लाल, काळा, पिवळा ही पंचरंगाची कल्पना कोरियात जुनी आहे खरी, पण या कृतीत अशी मांडणी नाही.

१०/ दुसरी गोष्ट, तिखट नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांनी ती सोळाव्या शतकात आशियात आणली. गोव्याच्या किनाऱ्यावरही ती याच मार्गाने आली. तोवर आपल्याकडे तिखटपणा मिऱ्यांचा होता, आणि 'मिरची' हा शब्दही त्या मिऱ्यांवरूनच आला.

११/ कोरियात १६१४ च्या 'जिबोंग यूसॉल' या ग्रंथात मिरचीला 'जपानची मोहरी' अशा अर्थाचे नाव आहे, कारण तिथे ती जपानमार्गे आली असे मानले गेले. १७६६ च्या एका कृषिग्रंथात गोचुजांगची, म्हणजे मिरचीच्या आंबवलेल्या चटणीची कृती सापडते. तरीही शंभरहून अधिक वर्षांनंतरच्या 'शीउइजॉन्सॉ'तील या वाडग्यात ती नाही.

१२/ याचे एक संभाव्य उत्तर 'जेसा' या पितृविधीत आहे. पूर्वजांपुढे मांडलेल्या पानात तिखटजाळ पदार्थ नसतात. विधी संपल्यावर घरचे लोक तेच अन्न वाटून खातात. त्याला 'उमबोक' म्हणतात. रात्री उशिरा, मोजक्या भांड्यांत भात आणि भाज्या कालवणे हे ओघानेच आले. पुस्तकातील तळलेले कापही विधीच्या व मेजवानीच्या पानातलेच.

१३/ आंदोंग शहरात ही परंपरा आजही 'हॉत्जेसाबाप' या नावाने टिकून आहे. अर्थ: खोटे श्राद्धाचे जेवण. विधी नसताना खाल्लेले विधीचे अन्न. तिथे गोचुजांगऐवजी सोया सॉस घालतात. चारशे वर्षांच्या कागदांशी सर्वांत जवळचा वाडगा बहुधा हाच.

१४/ विसाव्या शतकात पदार्थ बाजारात आला. डिसेंबर १९२९ मध्ये 'ब्यॉलगॉनगोन' या मासिकाने गावोगावचे प्रसिद्ध पदार्थ सांगताना जिंजूच्या बिबिमबापवर लिहिले. जॉन्जूच्या वाडग्यात सोयाबीनचे मोड आणि मुगाच्या सत्त्वाची पिवळी वडी आली. तापलेल्या दगडी भांड्यात वाढण्याची पद्धत तर शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झाली.

१५/ याच काळात घरांत निराळेच चालले होते. तांदूळ पुरत नव्हता. सरकार तांदळात जव मिसळून खाण्याचा आग्रह धरत होते. १९६९ पासून बुधवारी व शनिवारी दुपारी उपाहारगृहांत भात विकण्यास मनाई होती. शाळांत मुलांचे डबे उघडून भातात जव आहे की नाही, हे शिक्षक तपासत. जवाचा भात, कोवळ्या मुळ्याच्या पाल्याची किमची आणि गोचुजांग एका मोठ्या परातीत कालवून घरच्यांनी मिळून खाणे, हा त्या पिढीचा बिबिमबाप.

१६/ १९९० च्या दशकात तो विमानातल्या जेवणात गेला. २०१२ मध्ये जॉन्जू शहराला युनेस्कोने पाककलेचे शहर म्हणून मान्यता दिली. जागतिक प्रसिद्धीला राजाची गोष्ट सोयीची असते. जवाच्या भाताची आणि उघडलेल्या डब्याची गोष्ट तितकीशी नसते. म्हणून ती मागे पडते.

१७/ आणखी काही मागे पडते: श्रम. या वाडग्यातली प्रत्येक भाजी वेगळी केलेली असते. पालक उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, पिळून, तीळतेल व मीठ लावलेला. मोड वेगळे उकडलेले. गाजर आणि मशरूम वेगवेगळे परतलेले. या भाज्यांना 'नामुल' म्हणतात. कोरियन घरात त्या रोजच्या जेवणासाठी केलेल्याच असतात, म्हणून त्यांचे शेष कालवणे सोपे. कोऱ्या ओट्यापासून सुरुवात केली तर हाच 'साधा' पदार्थ तासभर खातो.

१८/ तेव्हा घरी करायचा असेल, तर इतिहासाचा सल्ला सोपा आहे. आदल्या दिवशीच्या दोन-तीन कोरड्या भाज्या घ्याव्यात. नव्या भाज्या करायच्या असतील, तर प्रत्येकीची चव वेगळी राहील अशा वेगळ्या कराव्यात. गरम भात, वर अंडे, भाजलेल्या तिळाचे तेल. गोचुजांग असेल तर चमचाभर, नसेल तर सोया सॉस. मग नीट कालवावे.

१९/ दगडी भांडे नाही, पाच रंग जमले नाहीत, तिखट घातले नाही, तर तो वाडगा 'अस्सल' ठरतो का? 'शीउइजॉन्सॉ'च्या अनाम लेखकाच्या चुलीवरही यांपैकी काहीच नव्हते. तिथे होता भात, उरलेले चांगले अन्न, आणि ते वाया जाऊ न देणारे कुणाचे तरी हात.