प्रज्ञावंत मुले : घरी आणि शाळेत काय करता येईल

वर्गात पहिला नंबर काढणारे मूल हुशार, असे आपण सहज म्हणतो. प्रज्ञावंत मूल त्याहून वेगळे असू शकते, आणि पुष्कळदा त्याचा पहिला नंबर येतही नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये अशा मुलांबाबत तीन गोष्टी सांगितल्या : सरासरीहून वरची क्षमता, हाती घेतलेल्या कामाचा ध्यास आणि नवे सुचण्याची शक्ती. या तिन्ही एकत्र येतात तेथे विशेष काम घडते. केवळ गुणपत्रिका पाहिली तर यातील दोन गोष्टी नजरेतून सुटतात.

कसे ओळखावे?

एकदा सांगितलेले लगेच समजणे, वयाच्या मानाने मोठा शब्दसंग्रह, एकाच विषयात तासन्‌तास रमणे, 'असेच का?' हा प्रश्न न सोडणे ही काही लक्षणे. पण याच मुलांना येत असलेलाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला की ती कंटाळतात. मग कोणी खोड्या काढतो, कोणी खिडकीबाहेर पाहत बसतो. शाळेतून तक्रार येते, घरी बोलणी बसतात आणि दोन-तीन वर्षांत मूल प्रश्न विचारणेच सोडून देते. मुली तर अनेकदा गप्प राहून वर्गाबरोबर चालत राहतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. वाचन-लेखनाची अडचण असलेले मूलही गणितात किंवा चित्रकलेत असामान्य असू शकते.

बडोद्याचे उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत विद्यार्थी असताना कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांची वाचनाची ओढ हेरली आणि त्यांना पुस्तके दिली. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडून महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये मिळाले, आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती. ओळखणारा शिक्षक, हाती पुस्तक आणि वेळेवर पैसा, या तीन गोष्टी जुळून आल्या. आजही लागतात त्या याच. आणि यातली पहिली गोष्ट नसेल तर पुढच्या दोन्हींची वेळच येत नाही.

घरी

- बुद्धीची स्तुती करण्याऐवजी प्रयत्नाची करावी. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 'तू हुशार आहेस' असे ऐकलेल्या मुलांनी पुढे सोपे काम निवडले. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्यांनी अवघड काम पत्करले.
- उत्तर येत नसेल तर 'आपण शोधू या' म्हणावे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि कमाटीबागेतले म्युझियम आपल्या हाकेवर आहेत.
- शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठी बोलावे आणि वाचावे. प्रज्ञावंत मुलाला आणखी एका भाषेचे ओझे होत नाही.
- बुद्धी बारा वर्षांची असली तरी मन आठ वर्षांचेच असते. खेळ, मित्र आणि झोप यांत काटछाट नको. आल्यागेल्यापुढे 'पाढे म्हणून दाखव' हेही नको.

शाळेत

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून या मुलांच्या शिक्षणाचे काम चालवले आहे. तशी शाळा सर्वांना मिळणार नाही, पण साध्या वर्गातही बरेच करता येते. पाठ येत असेल तर तेवढ्या तासात वेगळा प्रकल्प द्यावा. एखाद्या विषयात वरच्या इयत्तेचे पुस्तक द्यावे. गृहपाठ जास्त देऊ नये, जरा वेगळा द्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अशा विद्यार्थ्यांसाठी शाळा ते जिल्हा पातळीपर्यंत विषयवार मंडळे आणि प्रकल्प सुचवलेले आहेत. पालकांनी शिक्षकांना भेटताना तक्रारीचा सूर ठेवू नये. मुलाने केलेले काम दाखवावे आणि एकच नेमकी विनंती करावी.

परीक्षा आणि शिष्यवृत्त्या

- नवोदय विद्यालय : पाचवीत असताना परीक्षा, सहावीत प्रवेश. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. राहणे-जेवण मोफत. तालुक्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी अवश्य विचार करावा.
- एनएमएमएस : सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थांच्या शाळांतील आठवीच्या मुलांसाठी. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३.५ लाख रुपयांपर्यंत असावे. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. खाते विद्यार्थ्याच्या नावे आणि आधारशी जोडलेले हवे. पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते; ते राहिले की पैसे थांबतात.
- ऑलिंपियाड : गणिताची पहिली पायरी आयओक्यूएम, विज्ञानाची एनएसई. पुढील टप्पे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात. महागडा क्लास लावण्याआधी त्या मुलासमोर ठेवाव्यात. त्यात त्याला गोडी वाटली तरच पुढे जावे.

संगीत, चित्र, खेळ यांतील गुणही प्रज्ञाच होय. ज्या शहरात १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली, तेथे हे वेगळे सांगायला नको.

आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक, अभियंते, डॉक्टर, हिशेबनीस पुष्कळ आहेत. आठवड्यातला एक तास एका मुलाला दिला तरी आपण केळुसकर गुरुजींचेच काम पुढे नेऊ. अर्ज भरणे, खाते उघडणे, कागदपत्रे जमवणे यांत अडचण असेल तर पालकांनी मंडळाच्या कार्यालयात संकोच न करता विचारावे. पैशाअभावी किंवा माहितीअभावी आपल्या एकाही मुलाचे शिकणे अडू नये, एवढीच आमची इच्छा आहे.