सात नकली बादशहा

नव्वदच्या दशकात आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाईंनी घराच्या पुढच्या खोलीत टीव्ही आणि व्हिडिओ गेम मांडला होता. अर्ध्या तासाचे दोन रुपये. आमची निम्मी ईदी तिथेच संपायची. कॅसेट लावली की मारिओ धावायला लागायचा आणि प्रत्येक चौथ्या टप्प्याला एक किल्ला यायचा. किल्ल्याच्या शेवटी लाव्ह्यावर पूल, पुलावर काटेरी पाठीचा, तोंडातून आग फेकणारा राक्षस. आम्ही त्याला ड्रॅगन म्हणायचो. त्याच्यावरून उडी मारायची, पलीकडची कुऱ्हाड गाठायची. पूल कोसळायचा, राक्षस लाव्ह्यात पडायचा. मग एक छत्रीसारख्या डोक्याचा शिपाई इंग्रजीत काहीतरी सांगायचा. उर्दू शाळेतल्या आम्हा पोरांना ते कळत नसे. एका मोठ्या मुलाने एकदा अर्थ सांगितला : "शुक्रिया म्हणतोय, पण शहजादी दुसऱ्या किल्ल्यात आहे."

त्या राक्षसाचे जपानी नाव कुप्पा आणि इंग्रजी नाव बाउझर, हे मला फार उशिरा कळले. तेही माझ्या वर्गातल्या एका मुलामुळे. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "सर, पहिल्या सात किल्ल्यांतला राजा खरा नसतोच. तुम्हाला माहीत नव्हतं?" मला खरोखर माहीत नव्हते. घरी आलो, वाचत बसलो आणि एका खेळातल्या खलनायकाच्या मागे केवढा इतिहास उभा आहे हे पाहून थक्क झालो.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. निंतेंदो कंपनीचे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो. मियामोतो यांच्या मनातला खलनायक मुळात कासव नव्हता, बैल होता. तोएई कंपनीच्या १९६० सालच्या 'साइयूकी' या ॲनिमेशनपटातला बैलराजा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. खेळाच्या पहिल्या खोक्यावर त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रात राजाचा चेहरा म्हणूनच थोडा बैलासारखा दिसतो. पण खेळात शत्रूची फौज कासवांची. तेव्हा सरदारही कासवच हवा, असे ठरत गेले. पुढे तोएईत काम केलेले चित्रकार योइची कोताबे यांनी त्याला आजचे रूप दिले. नावाची गंमत तर वेगळीच. कुप्पा हा कोरियन पदार्थ आहे, रश्श्यात भात घालून खातात तो. मियामोतोंनी विचारात घेतलेली इतर नावेही कोरियन पदार्थांचीच होती. म्हणजे बैलाच्या कल्पनेतून जन्मलेले, भाताचे नाव घेतलेले हे कासव.

आता 'साइयूकी' म्हणजे काय? 'पश्चिमेचा प्रवास' या चिनी कादंबरीचे ते जपानी नाव. या कादंबरीची आज माहीत असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ सालची आहे. आणि तिचा नायक ज्या भिक्षूवर बेतला आहे, तो आपल्या शालेय पुस्तकातला ह्युएन त्संग. सातव्या शतकात तो धर्मग्रंथांच्या शोधात भारतात आला, नालंदेत शिकला आणि ६४५ मध्ये चीनला परतला. या फिरतीत तो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसे स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत आणि सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी सूचना देतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्याच्या प्रवासाभोवती चीनमध्ये शतकानुशतके किस्से रचले गेले, त्यांत बैलराजा शिरला, आणि तो बैलराजा चित्रपटातून मारिओच्या किल्ल्यापर्यंत पोचला.

कादंबरीतल्या बैलराजाच्या प्रकरणात सोंगे फार आहेत. आगीच्या डोंगरातून वाट काढायची तर बैलराजाच्या बायकोकडचा पंखा हवा. वानरवीर सुन वुकोंग बैलराजाचे रूप घेऊन तिच्याकडून पंखा काढून घेतो. मग बैलराजा वुकोंगच्या सोबत्याचे, वराहमुखी शिष्याचे, रूप घेऊन तो परत पळवतो. मारिओतही आग आहे आणि सोंगही आहे. हे सोंग मुद्दाम तिथून उचलले असा माझा दावा नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

मारिओतले सोंग असे. कुऱ्हाड गाठून पूल पाडला तर राक्षस त्याच रूपात खाली पडतो. पण मारिओजवळ आगीची ताकद असेल आणि त्याने पाच गोळे मारले, तर मरता मरता राक्षसाचे खरे रूप उघडे होते. पहिल्या किल्ल्यात निघतो गूम्बा, म्हणजे खेळातला सर्वांत दुबळा प्यादा. दुसऱ्यात साधे कासव. मग कठीण पाठीचा भुंगा, काटेरी कासव, ढगावर बसणारा लाकितू, पाण्यातला ब्लूपर आणि सातव्यात हातोडे फेकणारा सैनिक. खरा राजा फक्त आठव्या किल्ल्यात.

आम्ही मोहल्ल्यातली पोरे आगीची ताकद किल्ल्याआधीच गमावून बसायचो. त्यामुळे शेकडो वेळा पूल पाडूनही आपण कोणाला मारले हे आम्हाला कधीच समजले नाही. जो पडला तो राजा, एवढेच ठाऊक.

खेळासोबतच्या पुस्तिकेत आणखी एक गोष्ट आहे. कासवांनी काळ्या जादूने त्या राज्यातल्या शांतताप्रिय प्रजेचे दगड, विटा आणि झाडे करून टाकली. जादू उतरवणे फक्त राजकन्येलाच शक्य, म्हणून तिला पळवले. मारिओला काही विटांमधून जी मदत मिळते, ती या वीट झालेल्या माणसांनी केलेली परतफेड आहे. आम्ही मात्र नाण्यांच्या नादात दिसेल ती वीट डोक्याने फोडत होतो.

उर्दू शिकवताना मी मुलांना तिलिस्मच्या दास्तानी सांगतो. तिलिस्म तलवारीच्या जोरावर तुटत नाही, त्याची गुरुकिल्ली असलेली लौह, म्हणजे पाटी, हाती लागावी लागते. मराठीच्या तासाला सात समुद्रापलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस येतो. आमच्या खेळातल्या राक्षसाचाही जीव अंगात नव्हता, कुऱ्हाडीत होता. मुलांना हे पटकन कळते. पण सात नकली राजांची गोष्ट सांगितली, तेव्हा वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारले, "सर, त्या गूम्बाला राजाचं तोंड कोणी लावलं? त्याने स्वतः लावलं की राजाने?"

खेळात याचे उत्तर नाही. इतिहासाच्या पुस्तकातही सहसा नसते. तिथे एक राजा दुष्ट ठरला की त्याचा मुखवटा त्याच्या शिपायाला चढतो, मग त्याच्या प्रजेला, मग चारशे वर्षांनी त्याच नावाच्या कुणा शिक्षकाला किंवा विद्यार्थ्यालाही. प्रत्येक किल्ल्यात तोच राक्षस दिसतो. पूल पाडून पुढे जाणे सोपे, कारण चेहरा बघावा लागत नाही. आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच मिळते : शहजादी इथे नाही.

कुप्पाचे म्हणाल तर त्याचेही दिवस पालटले. १९९२ पासून तो मारिओसोबत गाड्यांच्या शर्यतीत धावतो आणि १९९६ च्या एका खेळात तर त्याच्याच बाजूने लढतो. ज्यांनी त्याला खलनायक बनवले, त्यांनीच त्याला सोबत बसवले. वर्गातल्या त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना निबंधच देणार आहे : 'मी पहिल्या किल्ल्यातला राजा.'