न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण

धातुक, माती, गाळ किंवा हवेतील धूळ यांच्या नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून त्यातील मूलद्रव्ये ओळखण्याची व मोजण्याची अणुकेंद्रीय पद्धत. जॉर्ज द हेवेशी व हिल्डे लेव्ही यांनी १९३६ मध्ये कोपनहेगन येथे ती प्रथम वापरली आणि यिट्रियमच्या नमुन्यातील डिस्प्रोसियम मोजले.

दळलेल्या नमुन्याचे शंभरेक मिलिग्रॅम पॉलिथिनच्या कुपीत बंद करून अणुभट्टीच्या गाभ्याजवळ ठेवतात. न्यूट्रॉन शोषून किरणोत्सर्गी झालेली अणुकेंद्रे क्षय होताना आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. द्रव नायट्रोजनने गार ठेवलेला जर्मेनियम शोधक ते टिपतो. कधी मोजायचे, यात खरे कसब आहे. मँगॅनीज-५६ चे अर्धायुष्य २.६ तास, म्हणून ते त्याच दिवशी मोजावे लागते. सोने-१९८ चे २.७ दिवस, त्याची ४१२ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टची खूण स्पष्ट दिसावी म्हणून १५ तास अर्धायुष्याच्या सोडियम-२४ चा गोंगाट ओसरेपर्यंत काही दिवस थांबतात.

नमुना आम्लात विरघळवावा लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. त्यामुळे हट्टी खनिजांतील अंश निसटत नाही आणि रसायनांतली अशुद्धी नमुन्यात शिरत नाही. लुइस व वॉल्टर आल्व्हारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतील गुब्बिओच्या चिकणमातीच्या थरात आजूबाजूच्या खडकाच्या सुमारे ३० पट इरिडियम याच पद्धतीने दाखवले (१९८०). इरिडियम अशनींत मुबलक असते आणि तो थर डायनोसॉर लोपले त्या काळचा; म्हणून अशनी आदळून ते नष्ट झाले, हा सिद्धांत त्यावर उभा राहिला. भारतात या कामाला ट्रॉम्बेच्या अप्सरा (१९५६) व नंतरच्या अणुभट्ट्यांनी पाया दिला.

सोन्याच्या धातुकात मात्र चिमूटभर नमुना फसवतो: एखादा कण त्यात आला की आकडा फुगतो, नाही आला की खाण निकृष्ट ठरते. त्यावर उपाय म्हणून गॅमा सक्रियणाच्या ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या रूपात जोरकस क्ष-किरणांनी सुमारे अर्धा किलो धातुक एकदम तपासतात. येथे मोजल्या जाणाऱ्या सोन्याच्या उत्तेजित अवस्थेचे अर्धायुष्य जेमतेम ७.७ सेकंद असते.

प्रदूषणाच्या अभ्यासात दोन उणिवा जाणवतात. शिसे या पद्धतीला जवळजवळ दिसतच नाही. आर्सेनिक अचूक मोजले जाते, पण ते अधिक विषारी त्रिसंयुजी रूपात आहे की पंचसंयुजी, हे कळत नाही. त्यासाठी ती रूपे आधी रासायनिक रीतीने वेगळी करावी लागतात.